मदत हवी आहे: पायइन्स्टॉलरने केलेले ॲप दुसऱ्या संगणकावर 'बॅबेल.नंबर्स' मॉड्यूल सापडत नाही म्हणते

वाचनवेडी

नमस्कार मंडळी,

आमच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयासाठी एक छोटे डेस्कटॉप ॲप लिहिले आहे. सभासदांची यादी, वर्गणी आणि अनामत, पुस्तकांची रोजची देवघेव, आणि पुस्तकाच्या आतल्या पानावर चिकटवायची दाखल क्रमांकाची बारकोड लेबले, एवढेच त्यात आहे. ग्रंथपाल बाईंचे वय साठीच्या घरात आहे. त्यांना डेस्कटॉपवरच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली की काम सुरू व्हायला हवे. वाचनालयाच्या संगणकावर पायथन टाकायचे, कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, हे तिथे चालणार नाही. म्हणून पायइन्स्टॉलरने (पायथनचे ॲप आणि त्याला लागणारे सामान एकत्र बांधणारे साधन) एकच ईएक्सई फाइल करायचे ठरवले.

पायथन 3.11 आहे. खिडक्यांसाठी टीकेइंटर, तारीख निवडायला टीकेकॅलेंडर, लेबलांसाठी रिपोर्टलॅब, नोंदींसाठी एसक्यूलाइट. बिल्ड करताना दिलेला आदेश असा (इथे सगळे देवनागरीत लिहिले आहे, संगणकावर अर्थातच रोमन अक्षरे आहेत):

पायइन्स्टॉलर --वनफाइल --विंडोड --ॲड-डेटा "वाचनालय.डीबी;." --ॲड-डेटा "बोधचिन्ह.पीएनजी;." मेन.पाय

बिल्ड शेवटपर्यंत नीट होते. लाल अक्षरांत काही येत नाही. पण ती ईएक्सई चालवली की 'अनहँडल्ड एक्सेप्शन इन स्क्रिप्ट' नावाची चौकट येते आणि तिच्यात शेवटी:

मॉड्यूलनॉटफाउंडएरर: नो मॉड्यूल नेम्ड 'बॅबेल.नंबर्स'

माझ्या पूर्ण कोडमध्ये बॅबेल हा शब्द कुठेही नाही. तरी पिपने (पायथनची पॅकेजेस टाकणारा आदेश) बॅबेल टाकून पाहिले, तर ते आधीपासूनच आहे असे उत्तर आले. मेन.पाय थेट पायथनने चालवले तर कॅलेंडर उघडते, तारीख निवडता येते, काहीही अडत नाही. मग ईएक्सईमध्येच हे मॉड्यूल का गायब होते?

आणखी एक. वाचनालयात दोन संगणक आहेत. देवघेवीच्या टेबलावरचा विंडोज 10 चा आहे, तिथे वरची एरर येते. आतल्या खोलीतला विंडोज 7 चा आहे, तिथे वेगळेच काहीतरी येते: 'एपीआय-एमएस-विन-कोअर-पाथ-एल1-1-0.डीएलएल' ही फाइल नाही. हे दोन्ही एकाच कारणाने होत असेल का?

खटाटोप

ताई, आधी दोन गोष्टी पाहून सांगा.

एक, पायइन्स्टॉलर नेमका कुठल्या पायथनचा चालतो आहे. एका लॅपटॉपवर दोन-तीन पायथन असणे फार सामान्य आहे. पिप एकात सामान टाकतो, पायइन्स्टॉलर दुसऱ्यातून चालतो, आणि मग त्याला सामान दिसत नाही. ॲपसाठी वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (स्वतःची वेगळी पॅकेजेस असलेली पायथनची स्वतंत्र जागा) करा, त्यात फक्त लागणारी पॅकेजेस आणि पायइन्स्टॉलर टाका, आणि आदेश 'पायथन -एम पायइन्स्टॉलर' असा द्या. म्हणजे तोच पायथन वापरला जाईल याची खात्री राहते. यात पायइन्स्टॉलरचा पी, वाय नंतरचा आय, हे कॅपिटल लागतात.

दोन, बिल्ड फोल्डरमध्ये 'वॉर्न-मेन.टीएक्सटी' नावाची फाइल तयार झाली असेल. तिच्यात काय काय आले आहे?

आणि सगळे जुळेपर्यंत 'वनफाइल' आणि 'विंडोड' हे दोन्ही पर्याय काढून ठेवा. फोल्डरवाल्या बिल्डमध्ये आत काय आले आणि काय नाही ते उघड्या डोळ्यांनी पाहता येते. काळी खिडकी राहिली की एररही दिसतात. ईएक्सईवर टिचकी न मारता कमांड प्रॉम्प्टमधून चालवा, नाहीतर ती खिडकी मिटून जाते आणि वाचायला काही उरत नाही.

वाचनवेडी

खटाटोप दादा, धन्यवाद. नवीन एन्व्हायर्नमेंट केले, तुम्ही सांगितल्या रीतीने बिल्ड केले. एरर तीच आहे.

वॉर्न फाइलमध्ये पुष्कळ नावे आहेत: पीडब्ल्यूडी, जीआरपी, पॉझिक्स, एफसीएनटीएल वगैरे. पण बॅबेल.नंबर्स त्या यादीत नाहीच. जे मॉड्यूल सापडत नाही म्हणून ॲप बंद पडते, त्याचेच नाव हरवलेल्यांच्या यादीत कसे नाही? याने मी जास्तच गोंधळले.

जुना पिंपळ

वाचनवेडी, तुमच्या या प्रश्नातच सगळे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पायइन्स्टॉलर तुमचे ॲप चालवून पाहत नाही. तो मेन.पाय वाचतो, त्यातली 'इम्पोर्ट' विधाने शोधतो, ती मॉड्यूल उघडतो, त्यांच्यातली इम्पोर्ट विधाने शोधतो, आणि असे करत करत शेवटपर्यंत जातो. ज्याचा ज्याचा उल्लेख इम्पोर्ट म्हणून लिहिलेला दिसला ते सामान तो गाठोड्यात बांधतो. लिहिलेला दिसला पण या संगणकावर मिळाले नाही, असे वॉर्न फाइलमध्ये जाते. तुम्हाला दिसलेली पीडब्ल्यूडी, जीआरपी ही मंडळी लिनक्सची आहेत, विंडोजवर ती नसतातच. त्यांची काळजी नको.

आता बॅबेल. टीकेकॅलेंडरला महिन्यांची आणि वारांची नावे बॅबेलकडून मिळतात. तो 'बॅबेल.डेट्स' इम्पोर्ट करतो, हे लिहिलेले आहे, ते पायइन्स्टॉलरला दिसते. पण बॅबेल प्रत्येक भाषेची माहिती 'लोकेल-डेटा' फोल्डरमधल्या डॅट फाइलींत ठेवतो, आणि त्या फाइली पायथनच्या पिकल पद्धतीने साठवलेल्या आहेत. पिकल फाइलीत नुसते शब्द नसतात, पायथनच्या वस्तू जशाच्या तशा ठेवलेल्या असतात. अंक कसे मांडायचे त्याचे नमुने ज्या क्लासचे आहेत तो क्लास बॅबेल.नंबर्समध्ये आहे. म्हणजे कॅलेंडर उघडताना डॅट फाइल वाचली जाते, त्या क्षणी पिकल म्हणतो, मला बॅबेल.नंबर्स द्या. ही मागणी डेटाच्या फाइलीत आहे, कोडच्या ओळीत नाही. कोड वाचणाऱ्याला ती कशी दिसणार? दिसली नाही म्हणून बांधली नाही, आणि दिसलीच नाही म्हणून हरवल्याची नोंदही नाही.

तुमच्या लॅपटॉपवर मेन.पाय चालते, कारण तिथे पूर्ण बॅबेल साइट-पॅकेजेसमध्ये (पिप पॅकेजेस ठेवतो त्या फोल्डरमध्ये) बसलेले आहे. ऐनवेळी मागितले तरी मिळते. ईएक्सईत जेवढे बांधले तेवढेच.

उपाय एका ओळीचा आहे, टीकेकॅलेंडरच्या स्वतःच्या माहितीपत्रकातही तो दिलेला आहे:

--हिडन-इम्पोर्ट बॅबेल.नंबर्स

स्पेक फाइल (बिल्डच्या सूचना असलेली फाइल) वापरत असाल तर 'हिडनइम्पोर्ट्स' च्या यादीत हेच नाव लिहा. पहिल्या बिल्डनंतर मेन.स्पेक आपोआप तयार झालेली असते. यापुढे तीच वापरावी असे मी सुचवीन. लांबलचक आदेश लक्षात ठेवावा लागत नाही, आणि उद्या ॲप दुसऱ्या कुणाच्या हाती गेले तर काय काय सांगावे लागले होते ते त्याला वाचता येते.

वाचनवेडी

चालले! कॅलेंडर उघडले, मुख्य खिडकी आली, सभासदांची यादी दिसते. पिंपळकाका, इतके नीट समजावून सांगितल्याबद्दल मनापासून आभार. पिकलचा हा भाग मला कुठेही वाचायला मिळाला नव्हता.

पण पुढे अडले. 'लेबल छापा' हे बटण दाबले की काहीच होत नाही. ॲप बंद पडत नाही, चौकट येत नाही, पीडीएफही तयार होत नाही. लॅपटॉपवर थेट चालवले तर लेबले निघतात. लेबलासाठी रिपोर्टलॅबचे 'क्रिएटबारकोडड्रॉइंग' वापरले आहे, प्रकार कोड128.

खटाटोप

'विंडोड' परत लावलात का? बटण मुके होण्याचे कारण बहुतेक तेच.

टीकेइंटरमध्ये बटणाच्या फंक्शनमध्ये एरर आली तर ॲप मरत नाही. टीकेइंटर ती एरर पकडतो आणि काळ्या खिडकीत छापतो. 'विंडोड' बिल्डमध्ये काळी खिडकीच नसते, छापायला जागा नसते, आणि एरर शांतपणे विरून जाते. सुरुवातीलाच येणाऱ्या एररसाठी पायइन्स्टॉलर चौकट दाखवतो, पण बटणामागच्या एररपर्यंत तो पोचत नाही.

यासाठी मुख्य खिडकीच्या 'रिपोर्ट_कॉलबॅक_एक्सेप्शन' या जागी स्वतःचे फंक्शन लावा. त्यात पूर्ण ट्रेसबॅक (एरर कुठून कशी आली त्याचा माग) एका लॉग फाइलीत लिहा आणि ग्रंथपाल बाईंसाठी मराठीत एक साधा निरोप दाखवा. हे फक्त आजच्या अडचणीपुरते करू नका, कायमचे ठेवा. 'बटण दाबले, काही झालेच नाही' असा फोन आला तर दुरून काहीच कळत नाही. लॉग फाइल मागवता आली तर पाच मिनिटांत कळते.

आत्तापुरते काळ्या खिडकीसह बिल्ड करून एरर इथे द्या.

वाचनवेडी

काळ्या खिडकीत दिसले: नो मॉड्यूल नेम्ड 'रिपोर्टलॅब.ग्राफिक्स.बारकोड.कोड128'.

म्हणून हिडन-इम्पोर्टमध्ये कोड128 चे नाव घातले. आता कोड93 नाही म्हणते. मी तर कोड93 वापरतच नाही.

जुना पिंपळ

हा त्याच घराण्यातला दुसरा प्रकार. रिपोर्टलॅबमध्ये बारकोडच्या प्रत्येक प्रकारासाठी विजेट तयार करणारे एक फंक्शन आहे. ते 'फ्रॉम अमुक इम्पोर्ट तमुक' असे वाक्य स्ट्रिंग (नुसता मजकूर) म्हणून जुळवते आणि मग ती स्ट्रिंग चालवते. अमुकच्या जागी मॉड्यूलचे नाव चालू असतानाच भरले जाते. पायइन्स्टॉलरसाठी ती नुसती अक्षरे आहेत. बॅबेलमध्ये नाव डेटाच्या फाइलीत होते, इथे ते स्ट्रिंगमध्ये आहे.

आणि तुम्हाला एकच प्रकार हवा असला तरी क्रिएटबारकोडड्रॉइंग आधी सगळ्या प्रकारांची यादी उभी करते. त्यामुळे 128 दिला की 93 मागेल, 93 दिला की 39, मग टपालाचे प्रकार. एकेक नाव देत बसू नका, पूर्ण उपपॅकेज एकदम बांधायला सांगा:

--कलेक्ट-सबमॉड्यूल्स रिपोर्टलॅब.ग्राफिक्स.बारकोड

सगळे एकदम मिळेल. फाइलीचा आकार किंचित वाढेल, पण ही मॉड्यूल लहान आहेत.

'कलेक्ट-ऑल' असाही पर्याय आहे, तो पॅकेजचे कोड, डेटा, डीएलएल सगळेच उचलतो. पुष्कळ ठिकाणी सरसकट तोच सुचवलेला दिसतो. मला ते पटत नाही. नेमके काय कमी पडले होते ते कळत नाही, बिल्ड फुगते, आणि पुढच्या वेळी अडले तर पुन्हा अंधारात चाचपडावे लागते. कारण शोधून तेवढेच द्यावे.

उरलेले कुठे काही लपलेले आहे का ते शोधायची एक रीत सांगतो. लॅपटॉपवर ॲप थेट पायथनने चालवा, प्रत्येक खिडकी उघडा, प्रत्येक बटण दाबा, आणि बंद होताना 'सिस.मॉड्यूल्स' मधली सगळी नावे एका फाइलीत लिहून घ्या. प्रत्यक्षात जे जे लोड झाले ते सगळे त्यात येते, मग ते पिकलने मागवलेले असो की स्ट्रिंगने. दुसरीकडे 'पायआय-आर्काइव्ह_व्ह्यूअर' हा पायइन्स्टॉलरबरोबरच येणारा आदेश ईएक्सईच्या पोटात काय आहे त्याची यादी देतो. दोन याद्या शेजारी ठेवा. पहिलीत असून दुसरीत नसलेली नावे तपासा. त्यातली काही नुसती पायथनच्या अंतर्गत वापराची निघतील, पण एखादे खरे हरवलेले असेल तर तिथे दिसेलच.

संगणकवारी

मध्येच बोलतो, पण हे फार महत्त्वाचे आहे. वाचनवेडी ताई, तुमच्या पहिल्या आदेशात --ॲड-डेटाने वाचनालय.डीबी ईएक्सईच्या आत घातलेली दिसते. खऱ्या नोंदी सुरू केल्या आहेत का? केल्या असतील तर आधी थांबवा.

वनफाइल ईएक्सई चालवली की ती विंडोजच्या टेम्प फोल्डरमध्ये 'एमईआय' ने सुरू होणाऱ्या नावाचे एक फोल्डर करते, आतले सगळे सामान तिथे उलगडते, आणि ॲप बंद झाले की ते फोल्डर पुसून टाकते. डेटाबेस त्या सामानात असेल आणि ॲप त्याच प्रतीत लिहीत असेल, तर दिवसभराची देवघेव संध्याकाळी ॲप बंद करताना नाहीशी होईल. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या दिवसाचा कोरा डेटाबेस. एरर कुठेही येणार नाही. मॉड्यूल हरवले तर ॲप निदान ओरडून सांगते, इथे लोकांच्या अनामत रकमेच्या नोंदी गुपचूप जातात.

बोधचिन्हासारख्या नुसत्या वाचायच्या फाइली आत असू द्या. त्यांचा पत्ता '__फाइल__' च्या फोल्डरवरून काढा, तो लॅपटॉपवरही बरोबर निघतो आणि ईएक्सईतही. ज्या फाइलीत लिहायचे आहे ती मात्र बाहेरच हवी.

बाहेर म्हणजे कुठे, तेही सांगतो. 'प्रोग्राम फाइल्स' मध्ये नको, तिथे साध्या वापरकर्त्याला लिहायची परवानगी नसते. 'ॲपडेटा' सुचवले जाते, पण ते फोल्डर प्रत्येक विंडोज वापरकर्त्याचे वेगळे असते. ग्रंथपाल बाई आणि लिपिक वेगवेगळ्या लॉगिनने बसत असतील तर दोघांचे दोन डेटाबेस होतील. वाचनालयासाठी डी ड्राइव्हवर 'वाचनालय' असे सरळ फोल्डर करा, तिथे डेटाबेस ठेवा. पहिल्यांदा चालताना फाइल नसेल तर ॲपनेच कोरी तयार करावी. रोज संध्याकाळी त्या फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेणेही मग सोपे जाते.

विंडोज 7 चे उत्तर कुणी दिले नाही म्हणून देतो. त्याचा मॉड्यूलशी संबंध नाही. पायथन 3.9 पासून पुढचे पायथन विंडोज 7 वर चालतच नाही, आणि ईएक्सईच्या आत तुमचा पायथन 3.11 बसलेला आहे. ती डीएलएल इंटरनेटवरून शोधून सिस्टीम फोल्डरमध्ये टाकू नका. अशा फाइली देणाऱ्या जागा विश्वासाच्या नसतात. विंडोज 7 साठी पायथन 3.8 वर वेगळे बिल्ड करा. 3.8.10 हा तयार इन्स्टॉलरसह मिळणारा त्या शाखेतला शेवटचा. आतल्या खोलीतले विंडोज 32 बिटचे असेल तर 32 बिटचाच पायथन घ्या, कारण ज्या पायथनने बिल्ड कराल त्याच जातीची ईएक्सई निघते. 3.8 ला सुरक्षेचे अपडेट येणे 2024 मध्ये थांबले आहे, म्हणून त्या संगणकाला इंटरनेट नसलेले बरे.

वाचनवेडी

संगणकवारी, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच ग्रंथपाल बाईंना फोन केला. सुदैवाने अजून फक्त चाचणीच्या नोंदी आहेत, खरी देवघेव कागदी रजिस्टरवरच चालू आहे. डेटाबेस डी ड्राइव्हवर नेला. ॲप बंद करून, संगणक पुन्हा सुरू करून पाहिले, नोंदी जागच्या जागी आहेत. हे तुम्ही सांगितले नसते तर वर्गणीचा हिशोब बुडाला असता आणि सभासदांना तोंड दाखवायला जागा उरली नसती. खूप खूप आभार.

लेबले निघाली. स्पेक फाइलीत आता हे आहे: हिडनइम्पोर्ट्समध्ये बॅबेल.नंबर्स आणि 'कलेक्ट_सबमॉड्यूल्स' ने आणलेले रिपोर्टलॅबचे बारकोड उपपॅकेज. डेटासमध्ये फक्त बोधचिन्ह. वनफाइल सोडून फोल्डरवालेच बिल्ड ठेवले आहे. ते पटकन उघडते, कारण दर वेळी सामान उलगडावे लागत नाही. बाईंच्या डेस्कटॉपवर शॉर्टकट दिला की त्यांना काही फरक पडत नाही. फोल्डरमध्ये 'इंटर्नल' नावाचे एक उपफोल्डर दिसते, ते हलवू नये असे बाईंना सांगून ठेवले आहे.

पिंपळकाकांच्या दोन याद्यांच्या रीतीने आणखी काही हरवलेले निघाले नाही. विंडोज 7 साठीचे बिल्ड रविवारी करते.

एकच विचारायचे आहे. माझ्या लॅपटॉपवर पायथन आहे, म्हणून तिथली चाचणी खरी मानावी का? दर बदलानंतर वाचनालयात जाऊन पाहणे जमत नाही.

खटाटोप

बिल्ड झालेली ईएक्सई सहसा लॅपटॉपवरच्या पायथनकडे पाहत नाही, त्यामुळे हरवलेले पायथन मॉड्यूल लॅपटॉपवरही कळते. तुम्हालाही तसेच कळले असणार. पण एखादी डीएलएल लॅपटॉपच्या सिस्टीममध्ये असते आणि कोऱ्या संगणकावर नसते, ते मात्र कळत नाही. तुमच्याकडे विंडोज 10 किंवा 11 प्रो असेल तर 'विंडोज सँडबॉक्स' चालू करा. दर वेळी अगदी कोरे विंडोज उघडते, बंद केले की सगळे पुसले जाते. बिल्डचे फोल्डर त्यात ओढा आणि सगळी बटणे दाबून पाहा. होम आवृत्तीत ते मिळत नाही. मग व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज टाकून तेच करता येते.

नवखा

धाग्यावरच विचारतो, वेगळा धागा काढत नाही. माझी एरर थोडी वेगळी आहे: 'पॅकेजनॉटफाउंडएरर: नो पॅकेज मेटाडेटा वॉज फाउंड फॉर इमेजआयओ'. हिडन-इम्पोर्टमध्ये इमेजआयओ घातले, तरी जात नाही.

जुना पिंपळ

तुमचे मॉड्यूल आत पोचले आहे, म्हणून हिडन-इम्पोर्टने काही होणार नाही. काही पॅकेजेस चालू होताना स्वतःची आवृत्ती विचारतात, आणि ती माहिती मॉड्यूलमध्ये नसून साइट-पॅकेजेसमधल्या 'डिस्ट-इन्फो' फोल्डरमध्ये असते. ते फोल्डर बांधले गेलेले नाही. आधी 'पायइन्स्टॉलर-हुक्स-कॉन्ट्रिब' हे पॅकेज अद्ययावत करून पुन्हा बिल्ड करा. लोकप्रिय पॅकेजेसना वेगळे काय लागते ते त्यात नोंदवलेले असते, आणि ते पायइन्स्टॉलरपेक्षा जास्त वेळा बदलते. तरी गेली नाही तर:

--कॉपी-मेटाडेटा इमेजआयओ

बिल्ड आणि डिस्ट ही दोन्ही फोल्डर पुसून नव्याने बिल्ड करा, म्हणजे आधीचे काही मध्ये येणार नाही.

नवखा

हुक्स अद्ययावत केले आणि गेली. धन्यवाद!